प्रबंध एका फाइलमध्ये लिहू नका: प्रकरणवार फाइल्स कशा लावाव्यात

पीएच.डी.ची नोंदणी नुकतीच झाली आहे, रूपरेषा संमत झाली आहे आणि आता लिहायला बसायचं आहे, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी जास्त. आणि गावात राहून, विजेच्या आणि रेंजच्या भरवशावर लिहिणाऱ्यांसाठी तर नक्कीच.

माझा विषय कोकणातल्या हर्णै ते दाभोळ पट्ट्यात मासळी विकणाऱ्या बायकांचा. सात प्रकरणं, तीन परिशिष्टं, शंभरावर फोटो, आणि मुलाखतींचा मोठा गठ्ठा. पहिली अडीच वर्षं मी हे सगळं एकाच फाइलमध्ये लिहीत गेले. फाइल उघडायला दोन-तीन मिनिटं लागायची, खाली सरकवलं की फोटो जागेवरून हलायचे. तरी चालवून घेतलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. त्या सकाळी घरच्या डेस्कटॉपवर फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली, आणि यूपीएस नव्हता. दापोली-मंडणगड भागात कित्येक गावांत वीज यायला खूप दिवस लागले, आमचं गाव त्यातलंच. वीज आल्यावर संगणक सुरू झाला, पण फाइल उघडेना. पेनड्राइव्हवर एप्रिलमधली प्रत होती म्हणून प्रबंध वाचला. मासळीच्या लिलावावरचं अख्खं प्रकरण मात्र पुन्हा लिहावं लागलं.

आपल्याकडे डोंगरउतारावर भाताची खाचरं असतात, प्रत्येकाला आपली मेर, म्हणजे बांध. एकाची मेर फुटली तर त्या खाचराचं नुकसान होतं, सगळी लावणी वाहून जात नाही. प्रबंधाचं तसंच करायचं आहे. मात्र एक अट आहे: प्रकरणं वेगळी ठेवायची, नियम वेगळे होऊ द्यायचे नाहीत. अक्षराचा आकार, मथळ्यांचे क्रमांक, संदर्भ देण्याची पद्धत हे सगळं एकाच ठिकाणी ठरलं पाहिजे. ही अट पाळली नाही तर सात प्रकरणांचे सात वेगवेगळे प्रबंध होतात आणि शेवटचा महिना ते जुळवण्यात जातो.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- तुमच्या विद्यापीठाची प्रबंधलेखनाची नियमावली: समास, ओळींमधलं अंतर, अक्षराचा आकार, सुरुवातीच्या पानांचा क्रम. ती आधी मिळवा, अंदाजाने सुरू करू नका.
- संमत रूपरेषेची प्रत. फाइल्सची पहिली यादी तिच्यातूनच निघते.
- लिबरऑफिस, वर्डसारखं लेखनाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि यातला मास्टर डॉक्युमेंट, म्हणजे वेगळ्या फाइल्स एकत्र जोडून दाखवणारी मुख्य फाइल, हाच या लेखाचा कणा आहे.
- एक युनिकोड फाँट, म्हणजे ज्यातला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावरही मराठीच राहतो असा. नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, यांपैकी कोणताही चालेल, फक्त शेवटपर्यंत तोच ठेवा.
- संदर्भग्रंथांची नोंद ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर.
- एक बाहेरची हार्ड डिस्क, एक पेनड्राइव्ह, आणि डेस्कटॉपवर लिहीत असाल तर यूपीएस.

१. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा

ही पायरी इथे का, असं वाटेल. पण मराठीत लिहिणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. तालुक्याच्या ठिकाणी टायपिंग करून देणारे बरेच जण अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात. त्यांच्या संगणकावर मजकूर सुंदर दिसतो. तुमच्या संगणकावर तो फाँट नसला की सगळी अगम्य रोमन अक्षरं दिसतात. त्या मजकुरात शब्द शोधता येत नाही, अनुक्रमणिका नीट बनत नाही, साहित्यचौर्य तपासणीला तो मजकूर वाचताच येत नाही.

जुन्या फाँटमधला मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास गडबड होते. माझी दोन प्रकरणं अशी टाइप झालेली होती आणि ती दुरुस्त करायला तीन आठवडे गेले. शक्य असेल तर इनस्क्रिप्ट ही थेट युनिकोडमध्ये टाइप करायची कीबोर्डची रचना शिका. पंधरा दिवस हात अडखळतो, मग बसतो.

२. एक फोल्डर आणि साधी नावं

एकच मुख्य फोल्डर करा. त्यात प्रकरणांच्या फाइल्स, आणि आत चार उपफोल्डर: फोटो, मुलाखती, पाठवलेल्या प्रती, जुन्या प्रती.

फाइलची नावं रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या, आणि पुढे दोन अंकी क्रमांक लावा. ०१, ०२ असं लिहिलं की दहावी फाइल नवव्यानंतर येते. नुसतं १, २ लिहिलंत तर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी जाऊन बसतो. देवनागरी नावं आपल्या संगणकावर चालतात, पण झिप करताना किंवा कुठे अपलोड करताना ती तुटलेली मी पाहिली आहेत.

‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ अशी नावं देऊ नका. चालू फाइलचं नाव कधीच बदलायचं नाही. जुनी प्रत ठेवायची असेल तर नावापुढे तारीख लावून ‘जुन्या प्रती’ मध्ये टाका, आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा. म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

मास्टर डॉक्युमेंट प्रकरणांना त्यांच्या जागेवरून ओळखतो. म्हणून एकदा बांधणी झाली की एखादी फाइल उचलून दुसरीकडे नेऊ नका. हलवायचं असेल तर अख्खं फोल्डर हलवा.

३. टेम्प्लेट: नियम राहतात ते घर

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हिलाच पुरेसा वेळ द्यायचा आहे. माझे दोन दिवस गेले, पण पुढची चार वर्षं सोपी झाली.

एक रिकामी फाइल उघडा. आधी टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) सुरू करा आणि भाषा मराठी निवडा. लिबरऑफिसमध्ये प्रत्येक स्टाइलला, म्हणजे नाव देऊन ठरवलेल्या मजकुराच्या रूपाला, दोन फाँट असतात, एक रोमन अक्षरांसाठी, दुसरा देवनागरीसाठी. पहिला बदलला तरी मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो, आणि नवखा माणूस तासभर डोकं धरून बसतो. दोन्ही ठिकाणी फाँट आणि आकार भरा.

मग स्टाइल ठरवा: प्रकरणाचं नाव म्हणजे हेडिंग १, त्याखालचे मुद्दे हेडिंग २, पोटमुद्दे हेडिंग ३, शिवाय मुख्य मजकूर, लांब अवतरण, फोटोखालची ओळ, तळटीप. मुलाखतीतल्या बोलीतल्या उताऱ्यांसाठी मी वेगळी स्टाइल केली होती. पुढे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ‘हे उतारे थोडे आत घ्या’ म्हटलं, तेव्हा एका जागी बदल केला आणि सगळीकडे झाला.

हेडिंग १ च्या टेक्स्ट फ्लोमध्ये ‘आधी पान तोडा’ हा पर्याय निवडा, म्हणजे प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होईल. मथळ्यांचे क्रमांक टूल्समधल्या हेडिंग नंबरिंगमधून द्या. हाताने ‘३.२’ असं कधीही टाइप करू नका. तळटीपांचे क्रमांक प्रकरणागणिक नव्याने सुरू व्हावेत असं विद्यापीठ म्हणत असेल, तर तेही इथेच ठरवा.

आता ही फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. यापुढे प्रत्येक प्रकरणाची फाइल आणि मास्टरही याच टेम्प्लेटवरून उघडायचा. कोरी फाइल उघडून मजकूर चिकटवायचा नाही. दुसरीकडून काही आणलं तर ते ‘स्वरूप न ठेवता’ चिकटवा, नाहीतर मजकुराबरोबर परकी स्टाइलही येते.

४. प्रकरणं वेगळी करा आणि मास्टर बांधा

तुमचा प्रबंध आधीच एका मोठ्या फाइलमध्ये असेल तर तिची एक प्रत बाजूला काढा. मूळ फाइलीत प्रत्येक प्रकरणाच्या नावाला हेडिंग १ लागलं आहे ना, ते पाहा. मग फाइल मेनूतल्या सेंडमध्ये क्रिएट मास्टर डॉक्युमेंट निवडा आणि हेडिंग १ वर तोडायला सांगा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल आणि त्यांना जोडणारा एक मास्टर तयार होतो. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी एकेक प्रकरण कापून चिकटवत बसले होते.

सुरुवातीपासून वेगळ्या फाइल्स असतील तर नवा मास्टर डॉक्युमेंट उघडा. बाजूला नॅव्हिगेटर दिसेल, नाही दिसला तर एफ-५ दाबा. त्यातल्या इन्सर्टमधून एकेक फाइल आत घ्या आणि क्रम वर-खाली करून लावा. अनुक्रमणिकाही तिथूनच घाला.

मास्टरमध्ये प्रकरणाचा मजकूर दिसतो, पण तिथे तो बदलता येत नाही. नॅव्हिगेटरमधल्या नावावर दोनदा क्लिक केलं की मूळ फाइल उघडते, तिथे बदल करायचा, सेव्ह करायचं, आणि मास्टरमध्ये अपडेट दाबायचं. पहिल्या दिवशी हे अडचणीचं वाटतं. पण रोजचं लेखन मास्टरमध्ये करायचंच नाही. रोज एक प्रकरण उघडा, लिहा, बंद करा. मास्टर मी महिन्यातून एकदा उघडत असे.

एक गोष्ट लक्षात ठेवा: त्याच नावाची स्टाइल मास्टरमध्ये वेगळी असेल तर तिथे मास्टरचीच स्टाइल चालते. प्रकरणाच्या फाइलीत ठीक दिसणारा मथळा मास्टरमध्ये वेगळा दिसला, तर बिघाड प्रकरणात शोधू नका, दोन्हींच्या स्टाइल तपासा.

पहिल्या प्रकरणावर पान क्रमांक १ यावा यासाठी त्या प्रकरणाच्या मथळ्याच्या परिच्छेदातच पान तोडताना पानाची स्टाइल आणि क्रमांक १ द्या. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश यांची फाइल मी वेगळीच ठेवली. त्यावर सह्या-शिक्के लागतात आणि ती शेवटपर्यंत बदलत राहते.

५. एका प्रकरणातून दुसऱ्याकडे बोट दाखवणं

‘प्रकरण ४ मध्ये पाहिल्याप्रमाणे’ ही ओळ हाताने लिहिलीत आणि नंतर प्रकरणांचा क्रम बदलला तर ती खोटी ठरते. माझ्याकडे सुकवणीचं प्रकरण लिलावाच्या आधी होतं, सल्लागार समितीने ते नंतर घ्यायला सांगितलं.

त्यासाठी क्रॉस रेफरन्स वापरा. ज्या जागेकडे बोट दाखवायचं तिथे सेट रेफरन्स करून एक नाव द्या. दुसऱ्या प्रकरणात इन्सर्ट रेफरन्स निवडा. ते नाव तिथल्या यादीत दिसणार नाही, कारण ते वेगळ्या फाइलीत आहे. म्हणून ते अक्षर न अक्षर तसंच हाताने टाइप करायचं. प्रकरणाच्या फाइलीत त्या जागी संदर्भ सापडत नसल्याची सूचना दिसेल. घाबरून ती पुसू नका. मास्टर उघडून अपडेट केलं की तिथे बरोबर क्रमांक येतो. दिलेल्या नावांची यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवली होती, स्पेलिंगचा घोटाळा तिने वाचवला.

६. फोटो हलके करा

मोबाइलवरचा फोटो जसाच्या तसा टाकला की फाइल फुगते. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, पुरतं. ए-४ पानावर समास सोडून साधारण १५ सेंटीमीटर रुंदी मिळते, म्हणजे फोटो १,७७० पिक्सेल रुंद असला की भागलं. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये तसेच राहू द्या, प्रबंधात लहान केलेली प्रत घाला. फोटो मजकुराभोवती तरंगता ठेवण्याऐवजी ‘अक्षरासारखा’ बसवा, तो जागा सोडत नाही.

७. संदर्भ आणि मुलाखती

झोटेरोचं प्लगइन प्रत्येक फाइल वेगळी धरतं. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेगळी यादी बनते आणि तोच ग्रंथ चार याद्यांत येतो. मी साधा मार्ग धरला: मजकुरात लेखक आणि वर्ष हाताने, आणि झोटेरोत मराठी आणि इंग्रजी असे दोन संग्रह. शेवटी प्रत्येक संग्रहावर उजवं क्लिक करून संपूर्ण यादी काढली आणि ती संदर्भसूचीच्या वेगळ्या फाइलीत टाकली. यात शिस्त लागते. ग्रंथ उद्धृत केला त्याच दिवशी नोंद करायची.

मुलाखतींबद्दल मात्र कडक राहा. मासळी विकणाऱ्या बायका मला कर्जाबद्दल, व्यापाऱ्याने अडवून ठेवलेल्या पैशांबद्दल बोलल्या, ते माझ्यावर विश्वास ठेवून. प्रबंधात त्यांना मु-१, मु-२ असे संकेत आहेत. कोणता संकेत कोणाचा ही फाइल प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवायची नाही, मास्टरमध्ये तर कधीच नाही. अख्खं फोल्डर कुणाला तरी पाठवायची वेळ येते आणि त्या गडबडीत नको ती फाइल बाहेर जाते.

८. मार्गदर्शकांकडे प्रकरण पाठवताना

बहुतेक मार्गदर्शक वर्डमध्ये वाचतात. त्यांना प्रकरणाची वर्डमधली प्रत करून पाठवा, नावात तारीख घाला आणि तीच प्रत ‘पाठवलेल्या प्रती’ मध्ये ठेवा. सोबत पीडीएफही द्या, म्हणजे फाँटमुळे काही बिघडलं तर मूळ रूप त्यांच्यासमोर राहील.

त्यांच्याकडून सुधारणा आल्या की त्या तुमच्या मूळ फाइलीत तुम्ही स्वतः उतरवा. त्यांची वर्ड फाइल उचलून मूळच्या जागी ठेवू नका, स्टाइल मोडायला सुरुवात होते ती तिथूनच. आणि एखादं प्रकरण त्यांच्याकडे असताना त्यात तुम्ही काही लिहू नका, दुसरं प्रकरण उघडा. फाइल्स वेगळ्या असण्याचा रोजचा फायदा हाच आहे. सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं तेव्हाही हवं ते एकच प्रकरण देता येतं.

९. प्रती ठेवणं

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक प्रत संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. रेंज कमी असेल तेव्हा फक्त त्या दिवशी बदललेलं प्रकरण चढवायचं. छोटी फाइल असल्यामुळे ती मोबाइलच्या नेटवरही जाते, आधीची अगडबंब फाइल कधी गेलीच नाही. दुसरी हार्ड डिस्क मी चिपळूणला बहिणीकडे ठेवणार होते. जुलै २०२१ च्या पुरात तिच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून मी म्हणते की घराबाहेरची प्रत उंचावर आणि शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात असावी. पावसाळ्यात हार्ड डिस्क हवाबंद डब्यात ठेवा, आणि वीज कडाडायला लागली की ती संगणकापासून काढा.

महिन्यातून एकदा प्रतीतली फाइल खरोखर उघडून पाहा.

१०. विज्ञान शाखेत असाल तर

समीकरणं, सारण्या आणि आकृत्या भरपूर असतील, विभागात सगळे लाटेक (आज्ञा लिहून पानं जुळवणारी प्रणाली) वापरत असतील, तर तुम्हीही तेच घ्या. तत्त्व तेच आहे: मुख्य फाइलीत नियम, प्रकरणं वेगळी. प्रकरण आत घ्यायला इन्क्लूड ही आज्ञा वापरा. ती नव्या पानावर सुरू करते आणि प्रत्येक प्रकरणाची वेगळी साहाय्यक फाइल ठेवते. त्यामुळे इन्क्लूडओन्लीने एकच प्रकरण चालवलं तरी बाकीच्या प्रकरणांचे पान क्रमांक आणि संदर्भ टिकतात. त्यासाठी आधी एकदा सगळा प्रबंध चालवलेला असावा आणि साहाय्यक फाइल्स पुसलेल्या नसाव्यात. इन्क्लूडच्या आत दुसरं इन्क्लूड चालत नाही, प्रकरणातले लहान तुकडे घ्यायला इनपुट वापरा. मराठी मजकूर असेल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक हे लाटेकचे प्रकार घ्या.

वर्डच सोडायचं नसेल तर वर्डमधला मास्टर डॉक्युमेंट वापरू नका, त्यात फाइल्स बिघडण्याचा धोका फार आहे. एकाच टेम्प्लेटवरून वेगळ्या फाइल्स लिहा आणि शेवटी इन्सर्टमधल्या ऑब्जेक्टखालच्या ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ ने एकत्र करा.

११. शेवटची बांधणी आणि शोधगंगा

मास्टर उघडा, सगळं अपडेट करा, अनुक्रमणिका अपडेट करा, मग मास्टरमधूनच पूर्ण पीडीएफ काढा. ती कागदावर छापून वाचा. पडद्यावर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात.

शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरणं अशा वेगवेगळ्या पीडीएफमध्ये चढतो. इथे एक सापळा आहे. ‘माझ्या फाइल्स तर वेगळ्याच आहेत’ म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या फाइलीतून थेट पीडीएफ काढू नका. तशा पीडीएफमध्ये प्रत्येक प्रकरण क्रमांक १ चं होतं, पानंही १ पासून सुरू होतात आणि दुसऱ्या प्रकरणांचे संदर्भ तुटलेले दिसतात. प्रकरणाची पीडीएफ मास्टरमधूनच काढायची, एक्स्पोर्ट करताना पानांची मर्यादा देऊन. साहित्यचौर्य तपासणीलाही हाच संच वापरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. त्यापुढे गेलात तर कोणत्या प्रकरणामुळे, ते वेगळ्या फाइल्समुळे लगेच कळतं.

मौखिक परीक्षेनंतर परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या माझ्या दोन प्रकरणांत होत्या. त्या दोनच फाइल्स उघडल्या, दुपारपर्यंत काम झालं.

नंतर मी लिलावाचं प्रकरण एकटंच काढलं, अक्षर मोठं केलं, तळटीपा काढल्या, आणि दापोलीतून अकरा प्रती छापून घेतल्या. नारळी पौर्णिमेनंतर हर्णैला गेले तेव्हा बंदरावर होड्या लागल्या होत्या आणि लिलाव सुरू व्हायला वेळ होता. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांतल्या दोघींनी तिथेच, टोपल्यांशेजारी बसून नातवंडांकडून ते वाचून घेतलं आणि एका ठिकाणी भावाची रीत मी चुकीची लिहिली आहे हे दाखवून दिलं. ती दुरुस्ती आता चौथ्या प्रकरणाच्या फाइलीत आहे.